बाजूच्या कॅमेऱ्यातला म्हातारा

मेलिस बायकेच्या स्टुडिओत सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, कबुतरं. आवाज ओठांच्या पुढे धावतोय? कबुतरं उडव. चित्र मध्येच गोठलंय? त्यावर कबुतरं. नवऱ्या मुलाची आई पडद्यावर हिरवी दिसतेय? तिच्यावरून पांढरी कबुतरं अशी सोड, की बाई जिवंतपणीच स्वर्गात पोचली असं वाटावं. शरद ऋतूत ओश शहरात लग्नांचा सुकाळ असतो, आणि त्या सगळ्या लग्नांत आमची तीच ती कबुतरं उडायची.

मेलिस माझा भाऊबिऊ नाही. वयाने मोठ्या पुरुषाला आम्ही बायके, म्हणजे दादा, म्हणतो आणि बाईला एजे, म्हणजे ताई; लायकी बघून म्हणत नाही.

मी तिथे एडिटिंग करायचे. कुणी शिकवलं नाही, प्रोग्राम बंद पडत गेला आणि मी शिकत गेले. मेलिस बायकेकडे एक साचा होता. वधू गाडीतून उतरते, पुलावाची परात येते, गायक किंचाळतो, सगळं आधीच ठरलेलं. जुन्या लग्नाची चित्रं काढायची, नव्याची भरायची. लग्नासाठी भाड्याने मिळणारा दिवाणखाना तोच, पडदे तेच, मग माणसं वेगळी असली काय आणि नसली काय, असं तो उघड म्हणायचा.

एके सकाळी सायराकान एजे पेन ड्राइव्ह मुठीत धरून आल्या. मुलीचं लग्न झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे वडील वारले, तोक्तोमात आता; म्हाताऱ्या माणसाला आम्ही ‘आता’ म्हणतो. फिल्म नंतर हातात पडली. मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस जवळ आलेला. त्या दिवशी नातेवाईक जमतील तेव्हा वडिलांनी नातीला दिलेली बाता सगळ्यांना ऐकवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. बाता म्हणजे वडीलधाऱ्याने तोंडाने दिलेला आशीर्वाद. तो बोलतो, बाकीचे ओंजळ पसरून बसतात, आणि शेवटी ‘ओमीन’ म्हणून तोंडावरून हात फिरवतात.

फिल्म लावली. पांढरी टोपी, पांढरी दाढी, म्हातारा बोलतोय.

सायराकान एजे म्हणाल्या, “हे माझे वडील नाहीत.”

मेलिस बायकेने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवाणखान्यातल्या दिव्यांनी चेहरे बदलतात, दुःखात डोळ्यांना भलतंच दिसतं, असं काहीबाही तो सांगत राहिला. वर म्हणाला की रंग जरा गरम करून देतो, मग ओळख पटेल.

“रंग गरम केल्यावर माझ्या बापाला दोन्ही कान येतील का?” एजे म्हणाल्या. “ह्याचे दोन्ही शाबूत आहेत. माझ्या बापाचा एक कान हिवाळ्यात डोंगरात गारठून गेला होता.”

मी प्रोजेक्ट उघडला. दोन मिनिटांचं काम होतं, पण ते मेलिस बायकेच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. क्लिप कुठून येते ते प्रोग्राम लिहून ठेवतो. ही येत होती कारा-सू गावातल्या एका घरच्या लग्नातून. त्याच आठवड्यात, त्याच दिवाणखान्यात झालेलं लग्न.

काय झालं असेल ते मला लगेच कळलं. कार्ड पुसलं की आमचा कॅमेरा पुन्हा एकपासून आकडे टाकतो. बाजूच्या कॅमेऱ्यावर पहिली क्लिप नेहमी बाताचीच, कारण म्हाताऱ्याच्या हाती माइक जाईपर्यंत तो कॅमेरा कुणी चालू करत नाही. म्हणजे दोन्ही लग्नांत बाताच्या फाइलचं नाव एकच, आणि मेलिस बायकेने दोन्ही फोल्डरांना नाव दिलेलं, ‘बाजूचा’. मग कधीतरी त्याने डिस्क काढून दुसरीकडे खुपसली. प्रोग्रामला फाइली सापडेनात, पडदा लाल झाला, आणि त्याने विचारलं, कुठे आहेत? शहाणा माणूस इथे थांबून बघतो. ह्याने दोन्ही वेळा समोर जो ‘बाजूचा’ दिसला तो दाखवून दिला. लाल गेलं, स्वारी खूश. ह्या लग्नात तो म्हातारा, त्या लग्नात हा.

नाही म्हणायला फिल्ममध्ये अनोळखी बायकाही पुलाव खात होत्या. पण लग्नात अनोळखी बायका पुलाव खातातच. कोण विचारतं?

“मूळ चित्रण दे,” एजे म्हणाल्या.

मेलिस बायकेने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मूळ चित्रण नव्हतं. डिस्क भरली म्हणून प्रोग्राम कुरकुर करायला लागला होता आणि साहेबांनी दोन्ही लग्नं पुसून टाकली होती. कार्डावर त्यानंतर कितीतरी नवऱ्या नाचून गेलेल्या. आणि हा निर्लज्ज म्हणतो कसा, पाहुण्यांच्या फोनमध्ये असेलच की.

फोनमध्ये नव्हतंच. असणार कसं? गायक आला की सगळा दिवाणखाना फोन उंचावतो. पण बाता चालू असताना दोन्ही तळवे उघडे लागतात. फोन धरून आशीर्वाद घेणारा नालायक ओशमध्ये अजून जन्मायचा होता. त्या दहा मिनिटांत आख्ख्या दिवाणखान्यात काही टिपून घेत होता तो एकटा आमचा कॅमेरा.

सायराकान एजे रडल्या नाहीत. पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “मला त्यांचा चेहरा नको, फोटो आहेत. आवाज नाही कुठे.”

तेव्हा मला कारा-सूची तक्रार आठवली. एर्गेश बायके नावाच्या गृहस्थाने फोन केला होता, त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या फिल्मबद्दल. म्हणाले होते की बाताच्या वेळी मागचं संगीत गेलं आहे. मेलिस बायके बाताखाली नेहमी कोमुझ, आमचं तीन तारांचं वाद्य, लावतो, इतकं मोठं की म्हातारा नुसता जबडा हलवताना दिसतो. त्या फिल्ममध्ये संगीताची फाइलही हरवली असणार, आणि ह्याने लाल पडद्यावर ‘सोडून द्या’ दाबलं असणार. म्हणजे तोक्तोमात आतांचा आवाज, कोरा, कारा-सूमध्ये एका घरात पडून होता. आणि त्या घराने तक्रार केली ती कशाची? संगीताची. म्हातारा परका आहे ह्याची नाही.

मी एजेंना घेऊन निघाले. मेलिस बायके मागून सांगत होता की गिऱ्हाइकाला गिऱ्हाइकाकडे नेत नाहीत, स्टुडिओचं नाव जातं. मी म्हटलं, जायला आधी असावं लागतं.

एर्गेश बायकेने चहा ओतला, तळलेले बोरसोक पुढे केले आणि मी कारण सांगितल्यावर मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांच्या स्वतःच्या काकांनी बाता दिली होती, पण काका अर्धा वेळ जिल्ह्याच्या प्रमुखाची स्तुती करत होते आणि उरलेला वेळ मेंढीच्या शेपटीची चरबी कुणाच्या ताटात गेली ते विचारत होते. फिल्म लावली तर एक परका म्हातारा नेमकं बोलून गेला, पुढे काकांच्या लांबलचक बोलण्याची उरलेली जागा कबुतरांनी भरलेली. घरात सगळ्यांनी तीच फिल्म ठेवून घेतली.

“मग संगीताची तक्रार कशाला केलीत?” मी विचारलं.

“काहीतरी चुकलंय हे सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. “खरं सांगितलं असतं तर तुम्ही काकांना परत आणलं असतं.”

सून दारात उभी होती. ती म्हणाली, “त्यात नाव माझं नाही, एजे. मला ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, म्हातारे नावं विसरतातच.”

फिल्म लावली. एका कानाचा म्हातारा टोपी सरळ करतो, घसा खाकरतो आणि बोलतो, “मीरगुल, तुझ्या उंबऱ्यावर वाट चुकलेला आला तरी त्याला चहा मिळो. तुझ्या चुलीला परक्याचीही सवय होवो.”

सायराकान एजेंचे हात आपोआप वर गेले. मग सुनेचे गेले, एर्गेश बायकेचे गेले. माझेही गेले, आणि मी असल्या गोष्टींना सहसा भीक घालत नाही.

मी तो तुकडा पेन ड्राइव्हवर घेतला, उघडून पाहिला, दुसऱ्या ठिकाणी आणखी एक प्रत केली, तीही उघडून पाहिली. बस, सगळी विद्या एवढीच आहे.

निघताना एर्गेश बायके दाराशी घुटमळले. चोरून घेतलेली बाता लागते का, आता ती आमच्याकडून जाणार का, असं त्यांनी विचारलं. मोठा माणूस, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखा.

“दिलेली बाता कुणी परत घेत नाही,” एजे म्हणाल्या. “पण चाळिसाव्याला या. सगळे या. माझ्या वडिलांसाठीही हात पसरायला लागतात, ते कोण पसरणार?”

आले. कारा-सूचं आख्खं घर आलं, मेंढी घेऊन आलं. आवाज लावला तेव्हा अंगणात चमचा वाजला नाही. काका तेवढे शेपटी बघत होते.

मेलिस बायकेही आला होता, बोलावणं नसताना, जेवायला. ओमीन झाल्यावर ओठ पुसत माझ्याजवळ सरकला आणि म्हणाला, छान झालं गं, पण मागे हळू कोमुझ असतं ना, तर लोक रडले असते.

लोक रडतच होते. त्याला दिसलं नाही.