दाराचं रबर

"सुमन, पाणी तापलं की आण," धोंडीराम बायकोला म्हणाले. फ्रीजच्या दाराचं नवं रबर पाकिटात दुमडून आलं होतं. गरम पाण्यात सोडल्याशिवाय ते सरळ होणार नव्हतं.

दार हलकं करावं म्हणून ते कप्प्यातल्या बाटल्या काढू लागले. बायकोच्या इन्सुलिनची बाटली हातात आली आणि ते थबकले. ती गार नव्हतीच. जुनं रबर नेमकं त्या कप्प्यापाशीच फाटलं होतं. उन्हाळाभर ते 'रविवारी बघू' म्हणत आले होते.

त्यांनी औषधाच्या दुकानात फोन लावला.

"टाकून द्या काका, मी नवी पाठवतो," दुकानदार वाल्मीक म्हणाला. "उन्हाळाभर बाटल्या अशा गरम राहिल्या म्हणजे त्यांचा गुण गेला. म्हणूनच काकूंची शुगर उतरत नसणार."

धोंडीरामांनी फोन ठेवला. शुगर वाढते म्हणजे बायको चोरून गोड खाते, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. साखरेचा डबा त्यांनी कुलपात ठेवला. सनीच्या, त्यांच्या मुलाच्या, साखरपुड्यात सुमनबाईंच्या हातातला पेढा सगळ्या पाहुण्यांदेखत काढून घेतला. "हिचा जिभेवर ताबाच नाही," असंही वर म्हणाले. पाहुणे हसले होते, सनीची होणारी सासूही.

सुमनबाई पातेलं घेऊन आल्या.

"सुमन, तू खात नव्हतीस."

"काय?"

"गोड. औषधच नासलं होतं. ह्या दारामुळं. म्हणजे... माझ्यामुळं."

सुमनबाईंनी पातेलं खाली ठेवलं.

"मी नाय नाय म्हणत होते, तुम्ही ऐकलं नाय," त्या हळूच म्हणाल्या. "मग मलाच वाटाया लागलं, आपण झोपंत उठून खातो का काय. सकाळी बोटं हुंगून बघायचे मी."

धोंडीरामांनी रबर गरम पाण्यात बुडवून सरळ करून घेतलं. मग ते खाचेत दाबू लागले. एका कोपऱ्यात ते सारखं सुटत होतं. सुमनबाई शेजारी बसल्या, तिथं अंगठा दाबून धरला.

"दाबा पुढं. आन झालं की विहीणबाईंना फोन लावा. तुमच्या तोंडानं सांगा. मी बसते ऐकत."

काम झालं. हात पुसून त्यांनी फोन लावला. पलीकडून "बोला दादा" असा आवाज आला, तसे धोंडीराम खुर्चीतून उठून उभे राहिले.