फासे झोळीत

"पिलं धुळीत, तर फासे झोळीत."

अब्बांचा आवाज. टांगा थांबवून, घोडीची मान थोपटत म्हटलेला. चैत्र सरला की तितरं पिलांना घेऊन रस्त्याकडेच्या धुळीत लोळायला येतात. त्या दिवसांत फासे मांडायचे नाहीत. अब्बांना जाऊन बरीच वर्षं लोटली, पण निमोण्याच्या रस्त्याला सायकल लागली की तो आवाज अयुबच्या कानात टापांसारखा वाजायचाच.

आज त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मागं कॅरेजवर त्याची लेक नाझिया बसली होती. मांडीवर कापडात गुंडाळलेला तितराचा पिंजरा. दौंडला, सासरी, तिचं बाळ जन्मताच गेलं होतं. माहेरी आल्यापासून तिची आई रजिया ताट पुढं करायची, नाझिया ते मागं सारायची. बोलणं तर आटलंच होतं. लहानपणी सायकलच्या नळीवर बसून ती अशीच शिकारीला यायची आणि तितराचा रस्सा वाडगा तोंडाला लावून प्यायची. तेवढ्या आठवणीवर अयुबनं आज पंक्चरचं दुकान बंद ठेवलं होतं.

"मामा, जीप न्हाई, बंदूक न्हाई, आन् शिकार?" कडेच्या शेतातून ओळखीचा शेतकरी पोपट ओरडला. "त्यापरीस ट्रकनं उडवलेलं उचला की! सस्तं पडंल."

"आमच्यात जितंच लागतं, बाबा. हलाल करावं लागतं."

"फॉरेस्टवाल्यानं बघितलं, तर तुमालाच हलाल करंल!"

अयुब हसला. नाझिया हसली नाही.

डांबराला लागूनच, बाभळीखाली त्यानं फासे मांडले. घोडीच्या शेपटीच्या केसांचे, अब्बांनी वळलेले. मधोमध पिंजरा ठेवून कापड काढलं, तसं पाळीव तितर मान ताठ करून ललकारलं. आपल्या रानात परका ओरडला की रानातलं तितर भांडायला येतंच.

कारेगावच्या कंपन्यांकडं निघालेला एक ट्रक धूळ उडवून गेला. ती बसते न बसते तोच जोडी धावत आली. नर बिचकून उडाला. मादीचा पाय अडकला. अयुबनं तिला फाशातून सोडवून मुठीत धरलं, चाकू काढला, ओठांवर 'बिस्मिल्ला' आलं...

आणि बाभळीच्या बुडाशी धूळ हलली. लिंबाएवढाली पिलं, एकमेकांना बिलगलेली.

हात थांबला. समोर लेक उभी. गालाची हाडं वर आलेली. एका वाडग्यानं ती उभारी धरेल, असं त्याला अजूनही वाटत होतं.

"तू सांग, बेटा. तू म्हणशील तसं."

तिनं पाखरू ओंजळीत घेतलं. त्याची छाती तिच्या तळव्यावर धडधडत राहिली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि ओंजळ धुळीत उघडली.

अयुबनं फासे गोळा करून झोळीत टाकले. रित्या हातानं घरी जाऊन रजियाला काय सांगावं? तो मैलाच्या दगडावर टेकला.

मागं फडक्याची गाठ सुटल्याचा आवाज आला. रजियानं बांधून दिलेली भाकरी नाझियानं मोडली होती. एक घास तिनं चटणीला लावून सावकाश चावला. दुसरा बापाच्या हातावर ठेवला.

"अब्बा, मुलगी व्हती." आवाज गंजल्यासारखा झाला होता. "नाक तुमच्यावानी. सासू म्हणली, गेलेल्याला कसलं नाव? पर मी ठिवलं व्हतं, मनातल्या मनात."

अयुब घास हातात धरून थांबला.

"शायना," ती म्हणाली.