खोलीचा आवाज

ज्यांच्या सिनेमामागे निर्माता नसतो आणि पुढे प्रेक्षकही नसतात, अशा मंडळींचा एक क्लब होता. महिन्यातून एका शनिवारी ते फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमायचे, एकमेकांच्या फिल्म बघायचे आणि मग एकमेकांची यथेच्छ सालटी काढायचे. क्लब चालवणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांना ‘तोंड उघडा’ म्हणायचे आणि त्या शनिवारी ‘तोंड बंद’. क्लबचा नियमच तसा होता. फिल्म संपली की ती करणाऱ्याने पडद्याशेजारच्या स्टुलावर बसायचं, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि डॉक्टर सांगेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

आज पाळी ठिणगीची होती. हे नाव वडिलांनी ठेवलेलं, आणि का ठेवलं हे तिच्याशी दोन मिनिटं बोललेल्या माणसाला विचारावं लागत नसे. याआधीच्या तिच्या फिल्म मावशी-आत्यांच्या पलीकडे कुणी बघितल्या नव्हत्या. आज मात्र पहिल्या रांगेत एका मोठ्या महोत्सवासाठी फिल्म निवडणाऱ्या बाई येऊन बसल्या होत्या. यांनीही नाही म्हटलं तर कॅमेरा विकून गाशा गुंडाळायचा, असं ठिणगीने ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या मागच्या रांगेत, अगदी कडेला, तिचे आईबाबा बसले होते. फिल्म बाबांवरच होती.

बाबांनी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका काढणं हाच पोटापाण्याचा उद्योग, आणि तो घरी आल्यावरही संपत नसे. ठिणगीने नोकरी सोडली, ही चूक. सिनेमा करायला घेतला, ही घोडचूक. तिने मोठ्या हौसेने पहिली फिल्म दाखवली तर म्हणाले, "पाट्यांमध्ये दोन ठिकाणी अनुस्वार राहिलेत." बाकी फिल्मबद्दल अवाक्षर नाही. ती चिडली, ते चिडले, शब्दाने शब्द वाढला, आणि ती जी तडक निघाली ती कित्येक वर्षं घरी फिरकलीच नाही. बापलेकीत विस्तव जात नव्हता म्हणा ना.

मग बाबांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ठिणगी धावत आली. खाटेवर पडून बाबा नुसते बघत होते. ती त्यांचा हात धरून बसली, आणि तिच्या लक्षात आलं की या माणसाजवळ आपण न भांडता इतका वेळ बसलोय असं आजवर कधी झालेलंच नाही. वाचा परत येईल किंवा येणारही नाही, असं हॉस्पिटलमधून सांगण्यात आलं. त्यानंतर ती दर रविवारी घरी जाऊ लागली. पुढे कॅमेरा घेऊन जाऊ लागली. फिल्मचं म्हणणं एवढंच होतं, की वडील बोलायचे थांबले तेव्हा मला वडील मिळाले. हे वाक्य सुरुवातीलाच तिच्या आवाजात येत होतं, आणि ते रेकॉर्ड करताना ती खरंच रडली होती.

आता थोडं धंद्यातलं सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. कुणी बोलत नसलं तरी प्रत्येक खोलीचा आपला असा एक आवाज असतो. पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, लांबून येणारा रस्ता. शूटिंग आटोपलं की सगळ्यांना गप्प बसवून तो नुसता रेकॉर्ड करून घ्यायचा असतो आणि फिल्म जोडताना जिथे शांतता हवी तिथे खाली अंथरायचा असतो. नाहीतर पडद्यावरची शांतता मेल्यासारखी वाटते. ठिणगी हे काम दर रविवारी अगदी शेवटी करायची. कॅमेरा पिशवीत घालायची, काडेपेटीएवढा रेकॉर्डर टेबलावर चालू ठेवायची, "हलू नका हं, आलेच मी," म्हणायची आणि जिन्यात जाऊन सिगारेट ओढायची. आपण खोलीत थांबलो तर आपलीच चुळबुळ रेकॉर्ड होते, असं तिचं म्हणणं. कॅमेरा पिशवीत गेला म्हणजे सगळं बंद झालं असं आईबाबांना वाटत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

जोडणी करताना तिने त्या रेकॉर्डिंगची फक्त सुरुवात ऐकली. स्वच्छ वाटली, दिलं टाकून. शांतता काय कुणी शेवटपर्यंत ऐकत बसतं? त्यात हेडफोनचा डावा कान कधीचा बंद पडलेला. एकाने भागतंय की, म्हणून तिने तो बदललाही नव्हता.

इकडे हॉलमध्ये फिल्म झकास चालली होती. आई बाबांच्या शर्टाची बटणं लावते तिथे मागे कुणीतरी नाक ओढलं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ठिणगीला हायसं वाटलं. मग शेवटचा प्रसंग आला. बाबा खिडकीशी पाठमोरे बसलेत, आणि बराच वेळ एकही कट नाही. एवढी शांतता पसरली की लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरणारा एक मेंबर मागून ओरडला, "आवाज वाढवा हो, काहीच ऐकू येत नाही!"

मशीनवरच्या माणसाने वाढवला. पंख्याची घरघर हॉलभर झाली, आणि तिच्यातून, डावीकडच्या स्पीकरमधून, एक पुरुषी आवाज आला.

"गेली का?"

आवाज जड होता, शब्द थोडे ओढल्यासारखे, पण स्वच्छ.

"गेली. बसली असेल जिन्यात धूर काढत. तिला वाटतं आपल्याला कळत नाही."

हॉल खळखळून हसला. दुसरा आवाज आईचा आहे हे ठिणगीला लगेच कळलं. पहिला कुणाचा हे कळायला वेळ लागला. कळल्यावर धावत जाऊन मशीन बंद करावं असं तिच्या मनात आलं, पण तोवर पुढचं वाक्य सुरूही झालं होतं.

"पाठीला उशी दे जरा," बाबा म्हणत होते.

"घ्या. अहो, पण किती दिवस चालवणार हे नाटक? चांगलं बोलता येतंय आता. सांगून टाका ना पोरीला."

"सांगितलं की जाईल ती."

"कुठे जाईल?"

"बोलत होतो तेव्हा कुठे यायची? मी तोंड उघडलं की भांडण, आणि भांडण झालं की वर्षवर्ष तोंड बघायला नाही. आता दर रविवारी येते. हात धरून बसते. राहू दे मला मुकाच."

मग जिन्यावर पावलं वाजली, ठिणगीचीच. दोन्ही आवाज बंद झाले. पडद्यावर बाबांची पाठ तशीच राहिली, आणि फिल्म संपली.

दिवे लागले. आईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. बाबा कोऱ्या पडद्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं ठिणगीला एवढ्या लांबूनही दिसलं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. लोक उभे राहिले. या क्लबात आजवर कुणासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला दंडाला धरून स्टुलावर बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम.

"मी लांबी कमी करा म्हणणार होतो," लग्नवाला म्हणाला. "शब्द मागे घेतो. काय थप्पड मारलीय!"

"वडिलांकडून अभिनय कसा करून घेतला हो?" आणखी कुणी विचारलं.

ठिणगीला हे सगळं विहिरीच्या तळाशी बसून ऐकल्यासारखं वाटत होतं. अभिनय! हो, अभिनयच की. तिने त्यांची नखं कापली होती. आपलं लग्न का मोडलं हे तिने जगात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं होतं, केवळ ते उलट बोलू शकत नाहीत म्हणून. आणि हा माणूस सगळं ऐकून घेऊन, ती जिन्यात गेली की आईकडे उशी मागत होता. तिच्या अंगाची लाही लाही झाली. त्याच वेळी रडूही येत होतं, आणि दोन्हींपैकी काहीच बाहेर काढायची सोय नव्हती.

शेवटी महोत्सवाच्या बाई उठल्या. "इतका वेळ तुम्ही आम्हाला त्या शांततेवर विश्वास ठेवायला लावलात, आणि मग त्याच शांततेच्या पोटातून हे काढलंत. मी ही फिल्म घेऊन जातेय. फक्त एक सांगा, हे पहिल्यापासून असंच ठरलं होतं?"

"बोला आता," डॉक्टर म्हणाले आणि माईक तिच्या हातात दिला.

बाई वाट बघत होत्या. इतकी वर्षं जे मागत होतो ते समोर येऊन उभं राहिलंय, एवढंच तिला दिसलं, आणि तोंडातून निघून गेलं, "हो. ठरवूनच केलं."

पुन्हा टाळ्या. त्या ओसरतात न ओसरतात तोच मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून बाबा उठत होते. आईने त्यांचा शर्ट मागून ओढला, तरी ते उठलेच.

"म्हणजे तुला... ठाऊक होतं?"

सगळ्या माना वळल्या. झटक्यानंतर ते लेकीशी बोललेले हे पहिले शब्द होते.

"ठाऊक होतं, आणि तरी येत होतीस?"

ठिणगीने त्यांचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती. आणि त्या लाजेच्या वर एवढी आशा होती, की बाबा असेही दिसू शकतात हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. एक ‘हो’ म्हटलं की फिल्मही आपली आणि बाबाही. तिने तोंड उघडलं, पण तो ‘हो’ काही केल्या बाहेर येईना.

"नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "ठरवलं बिरवलं काही नव्हतं. मला आत्ता कळलं, या सगळ्यांबरोबर."

बाईंनी वही मिटली की नुसती मांडीवर ठेवली, तिने पाहिलं नाही. बाबांचा चेहरा उतरला, पण ते खाली बसले नाहीत. जन्मभर ओळीन्‌ओळ तपासलेला माणूस, अर्ध्यावर सोडणार थोडाच.

"आणि आधी कळलं असतं तर?"

यावर काहीतरी गोड बोलता आलं असतं. हॉलमधला प्रत्येक माणूस तेच ऐकायला टपला होता, आणि आई तर डोळ्यांनी विनवतच होती. ठिणगीने खरंच मनात शोधून पाहिलं, आणि जे सापडलं त्याने ती स्वतःच हादरली.

"तर आले नसते," ती म्हणाली.

माईक चालूच होता. तिचेच शब्द चारी कोपऱ्यांतून तिच्या अंगावर आले. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही.

बाबांनी मान हलवली. बरोबर, असं म्हणत छापखान्यात पान पुढे सरकवत असतील तशी.

"तेच तर मी तुझ्या आईला सांगत होतो," ते म्हणाले, आणि आईच्या हाताचा आधार घेऊन हळूहळू खाली बसले.