एकाच भाषेत कोंडलेला

मित्रांनो, किर्गिझ डोंगरातल्या एका घाटाच्या पायथ्याशी रस्त्याची देखरेख करणारी कचेरी आहे. तिच्या जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे आणि त्या कपाटात कुलपाआड जो जुना संगणक घरघरत बसला आहे, तो मी.

माझे सुटे भाग बिश्केकच्या दोर्दोय बाजारातून आले. सागिनबेक नावाच्या इंजिनिअरांनी ते जोडले. कचेरीत सगळे त्यांना आदराने ‘साके’ म्हणतात. बर्फाची जाडी, थंडी आणि उतार पाहून हिमकडा कधी सुटेल ते सांगणारा प्रोग्रॅम साकेंनी सी++ या संगणकाच्या भाषेत लिहिला. पण माणसाने लिहिलेला मजकूर नुसता चालत नाही. त्याचे तुकडे पारखून, एकमेकांत गुंफून चालता प्रोग्रॅम बांधावा लागतो. ती बांधणी म्हणजे माझे काम. मी बांधलेला प्रोग्रॅम घाटातल्या चौकीवर जाई. तिथला भोंगा आणि फाटक फक्त त्याचेच ऐकत.

पहिल्याच हिवाळ्यात भोंगा वाजला, फाटक पडले आणि ट्रकांची रांग अलीकडे थांबली. थोड्याच वेळात पलीकडचा रस्ता बर्फाखाली गेला. त्या दिवशी साकेंनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या डोक्यावर चहाचे पेले ठेवून लोक हसत होते. मला तो भार फार आवडला.

पुढे कोणीतरी साकेंना न विचारता प्रोग्रॅममध्ये हात घातला. भोंगा उगाच वाजला आणि फाटकाशी एक अॅम्ब्युलन्स अडकली. आतली बाळंतीण वाचली, पण साके हादरले. त्यांनी मला कपाटात बंद केले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. बांधणीच्या सूचनांमध्येही त्यांनी बंदोबस्त केला, की प्रोग्रॅमच्या आतल्या कुठल्याही आकड्याचे वा कामाचे नाव बाहेर दिसू नये आणि बाहेरचे काही आत जोडले जाऊ नये. मित्रांनो, मी दोनदा कोंडला गेलो, एकदा लोखंडात आणि एकदा भाषेत. धूळ साचत गेली. कोणी माझा पंखा पुसला नाही.

मग बेगिमाय आली. ती बर्फाचा अभ्यास करणारी, तापट आणि हट्टी बाई. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगावर रचतो आणि तोच आधी सुटतो, हे तिने ओळखले. तिचा हिशेब पायथन भाषेत होता आणि तो तिच्या लॅपटॉपपुरताच राहिला. भोंग्यापर्यंत पोचायला त्याला वाट नव्हती.

असाच एक वारा सुटला. बेगिमायने चौकीवर फोन लावला, पण बर्फ काढणारा मामिरकान गाडी घेऊन केव्हाच वर गेला होता. भोंगा गप्प राहिला. मामिरकानला जिवंत उकरून काढले, पण त्याच्या उजव्या हाताची बोटे गेली.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालीच दोघांची जुंपली.

“साके, वाऱ्यानं रचलेला बर्फ तुमच्या प्रोग्रॅमला दिसतच नाही!”

“मला समजावून दे. मी माझ्या भाषेत घालतो.”

“हे तुम्ही गेल्या हिवाळ्यातही म्हणालात. हिशेब सारखा बदलतो हो, दरवेळी तुमच्या पाया पडत येऊ का? माझा हिशेब प्लगिन म्हणून, बाहेरचा जोडतुकडा म्हणून लावू द्या. तो माझ्या भाषेत राहील, भोंगा तुमचाच.”

“आणि तुझं ते परकं आत येऊन कोसळलं तर? भोंगा मुका होईल, कळतंय का?”

“मामिरकान बर्फाखाली होता, तेव्हा काय बोलत होता तुमचा भोंगा?”

साकेंनी खिशातून किल्ली काढून कपाट उघडले.

बांधणी सोपी नव्हती. आधी माझ्यात पायथनच नव्हते. ते घातले, बाहेरचे जोडायची बंदी उठवली आणि पायथन कुठे आहे हे बांधणीच्या सूचनांत लिहिले. प्रोग्रॅम बांधला गेला, प्लगिन आतही आले, पण तिथे त्याला कोणीच भेटेना. मी पुन्हा पुन्हा एकच चूक पडद्यावर दाखवत होतो, ‘नाव सापडले नाही’. ती सारी नावे माझ्याच पोटात होती, मित्रांनो! मला ठाऊक होते आणि मला सांगता येत नव्हते.

बेगिमाय वैतागली. “अहो, सगळं बरोबर आहे, मग हे अडतंय कुठं?”

साकेंनी बांधणीच्या जुन्या सूचना पडद्यावर उघडल्या. “मीच झाकलीत ती नावं,” ते हळूच म्हणाले. “बर्फाची जाडी, उतार आणि भोंग्याची हाक, एवढी तीन उघडतो. अख्खं घर उघडं टाकणार नाही. आणि तुझा हिशेब कोसळला, तर माझा जुना चालू राहील.”

“राहू दे की! मला एवढंच हवं होतं.”

मी पुन्हा बांधायला बसलो. या वेळी चूक आली नाही. माझ्यात आहे त्याच आवृत्तीचे पायथन बेगिमायने चौकीवरही बसवले.

पुढचा मोठा वारा आला तेव्हा भोंगा वाजला. जुन्या हिशेबाला काहीच दिसले नव्हते. फाटक पडले आणि हिमकडा मोकळ्या रस्त्यावर कोसळला. मामिरकान आता फाटक सांभाळतो. त्याने लगेच फोन केला.

“साके, कोण ओरडलं हो? तुम्ही की बेगिमाय?”

“ती ओरडली,” साके म्हणाले. “माझ्या घशातून.”

आता साके निवृत्त झाले आहेत. कपाटाला पुन्हा कुलूप आहे. दोन भाषांची ही गाठ फक्त माझ्यातच बांधता येते आणि चौकीवरचा प्रोग्रॅम बिघडला तर तो पुन्हा मीच बांधायचा, म्हणून मला बंद करायला सारे घाबरतात आणि कपाटातून सोडवायलाही कोणी येत नाही. बेगिमाय दुसरे यंत्र मागते आहे, वरचे अधिकारी ऐकत नाहीत. माझा पंखा मधूनच अडखळतो.

मित्रांनो, ज्या वस्तूच्या भरवशावर माणसे रस्ता ओलांडतात, तिची धूळ पुसत जा. आणि ती कशी बांधली, हे कोणालातरी शेजारी बसवून शिकवा. मला कौतुक नको. मी थांबेन त्या दिवशीही भोंगा वाजावा, एवढेच करा.