कोणी उठायचं नाही

माझी नणंद गाऊखार म्हणते की मी घराला कुलूप लावून बसस्टॉपपर्यंत गेले की निम्म्या वेळा परत येते, आणि परत आले की कुलूप लावलेलंच असतं. खरं आहे ते. म्हणून तिने जेव्हा "कारा-झेल" या मेटल बँडच्या कार्यक्रमाला माझ्या लेकीला, इंजूलाही घेऊन जाऊ म्हटलं, तेव्हा मी सरळ नाही म्हणाले.

"वहिनी, दुपारचा कार्यक्रम आहे. तलावाकाठी, उघड्यावर. निम्मं कारागांडा शहर पोरं घेऊन येतं."

"ते लोक एकमेकांना धडका मारतात. मी व्हिडिओ बघितलाय."

"मारतात. आणि कोणी पडला तर पहिला हात धडक मारणाऱ्याचाच येतो. तो व्हिडिओत दिसत नाही."

नवऱ्याने तिचीच बाजू घेतली. त्याची खाणीत शिफ्ट होती, त्याला येता येणार नव्हतं. त्यामुळे आपल्या वतीने लेकीने तरी ऐकावं असा त्याचा हट्ट. मी शेवटी आवाज अडवणारे मोठे पिवळे हेडफोन आणले, इंजूच्या कानांवर बसवले आणि मगच निघाले. ती चार वर्षांची आहे. हेडफोन लावल्यावर तिला माझं ओरडणंही ऐकू येत नाही, हे तिला फार आवडलं.

मैदानावर आम्ही मागे, कडेला उभ्या राहिलो. वारा नेहमीसारखाच, स्टेपच्या मोकळ्या गवताळ माळावरून थेट तोंडावर. शेजारी काळ्या बनियनमधला एक दाढीवाला, केवढा थोरला माणूस, थर्मासातला चहा पीत होता. गाऊखार त्याला ओळखत होती. स्लावा त्याचं नाव. त्याने इंजूला बाऊर्साक दिला. मी तो तळलेला गोळा उलटापालटा करून बघितला.

"ताई, माझ्या आईने तळलाय," तो म्हणाला. "विष घालायचं असतं तर मला घातलं असतं. रोज धमकी देते."

पुढे गाणी सुरू झाली, आणि मला ती आवडायला लागली हे मी गाऊखारला कळू दिलं नाही. तेवढ्यात वेगाचं गाणं आलं. असं गाणं आलं की पुढचे लोक मध्ये गोल मोकळा करतात, आणि त्यासाठी बाकी सगळी गर्दी एकदम मागे सरते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माणसांची एक लाट माझ्या अंगावर आली, मी एक पाऊल मागे टाकलं, आणि माझ्या हातात इंजूचा हात नव्हता.

मी खाली बघितलं. मग मागे. सगळीकडे पाय. मी तिच्या नावाने ओरडले, आणि ओरडताना कळलं की हेडफोन मीच तिच्या कानांवर घट्ट बसवलेत.

गाऊखारने माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं एकमेकांवर ठेवली, गाणं थांबवायची खूण. स्लावाने तेच केलं. त्याच्या पुढच्याने, त्याच्याही पुढच्याने. कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं, पण बघता बघता मैदानभर हातांच्या फुल्या उभ्या राहिल्या. ढोलवाल्याच्या नजरेस पडल्या आणि गाणं मध्येच थांबलं.

"कोण पडलं?" गायकाने विचारलं. अरिस्तान त्याचं नाव, केस कमरेपर्यंत, आवाज शाळेतल्या मास्तरासारखा.

"लहान मुलगी हरवलीय," स्लावा गरजला. त्याला माईकची गरज नव्हती.

"बरं. कारागांडा, सगळे खाली. उकिडवे बसा."

आणि ते बसले. एवढी माणसं, एक शब्द न बोलता. मला वाटलं आता ती दिसेल, एवढ्या डोक्यांवर तेवढी एकटी उभी. मी उभी राहून बघत होते. बघत राहिले. कोणीच उभं नव्हतं. पलीकडे तलावाचं पाणी दिसत होतं, आणि मी ते बघायचं टाळत होते.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. या लोकांचा एक खेळ आहे. गायक सगळ्यांना खाली बसवतो, ढोल हळूहळू चढत जातो, आणि शेवटी दणका देऊन फुटला की सगळे एकदम उडी मारतात. माझा नवरा घरी इंजूबरोबर हेच खेळतो, सोफ्यामागे बसून. खालच्या मजल्यावरची म्हातारी चमच्याने हीटरचा पाइप बडवते तेव्हाच थांबतात.

"ती पण बसलीय," मी स्लावाला म्हणाले. "सगळे बसले म्हणून बसलीय. ढोलाची वाट बघतेय."

स्लावाने तेच शब्द स्टेजकडे फेकले. अरिस्तान हसला नाही. केस मागे टाकून त्याने माईक तोंडाशी धरला.

"ऐका. इतकी वर्षं मी तुम्हाला उड्या मारायला सांगतोय. आज ढोल वाजेल, फुटेल, आणि कोणी उठायचं नाही. ज्यांचा माझ्यावर जीव आहे त्यांनी मांडी घाला."

ढोल सुरू झाला. आधी तळपायाला कळला, मग छातीला. मी बघत होते, लोकांचे खांदे थरथरत होते. कित्येक वर्षांची सवय होती ती, पायांत मुरलेली. ढोल चढत गेला आणि फुटला. पुढे एक पोरगा अर्धा उठला, त्याला मित्रांनी पट्ट्याला धरून खाली ओढलं. बाकी मैदान जमिनीला चिकटलेलं.

आणि डावीकडे, आईस्क्रीमच्या गाडीच्या अलीकडे, वर केलेले दोन इवले हात आणि त्यांच्यामध्ये पिवळे हेडफोन हवेत उडाले. पुन्हा उडाले. पुन्हा.

मी पळाले. लोक उठले नाहीत, उठले असते तर ती पुन्हा झाकली गेली असती. बसल्या बसल्याच ते बाजूला सरकले, आणि माझ्यापुढे वाट होत गेली. कोणीतरी माझी घसरलेली पिशवी हातोहात पुढे पाठवली.

इंजूच्या बाजूला तीन पोरांची एक आई बसली होती. तिला रडू फुटलं होतं. "माझ्या पोरांत बसली होती हो. मला वाटलं मागच्या बाईची आहे. मागच्या बाईला वाटलं माझी." मी तिला मिठी मारली. तिचं नाव मला अजून माहीत नाही.

मी इंजूच्या कानांवरून हेडफोन काढले. ती रागावलेली होती.

"आई, यांना येत नाही. मी एकटीनेच केलं."

जवळच्यांनी ते ऐकलं, आणि ते एकेका ओळीने हसत पुढे गेलं. स्टेजवर पोचलं तेव्हा अरिस्तान वाकला, आम्हाला नाही, बसलेल्या सगळ्या मैदानाला.

"मुलगी म्हणते तुम्हाला येत नाही," तो म्हणाला. "बरोबरच आहे. परत करू."

मी हेडफोन तिच्या कानांवर परत बसवले. उकिडवी बसताना मी मागेच कलंडले. दोन्ही बाजूंनी हात आले, एक त्या बाईचा, एक कोणाचा ते मी बघितलंही नाही. त्यांनी मला सावरून बसवलं आणि हात काढून घेतले नाहीत. ढोल चढू लागला. इंजू माझ्या कानाशी येऊन, तिला वाटत होतं तसं हळूच पण खरं तर ओरडून, म्हणाली, "फुटला की उठायचं हं. आधी नाही."

फुटला. मी उठले.