सूप फाटू नये म्हणून

माझी आई, अरेती, लिंबू-अंड्याचं सूप करताना हवेत मुके घेते. फेटलेल्या अंड्यात उकळता रस्सा बारीक धारेने सोडायचा आणि धार संपेपर्यंत ओठांनी मुच्-मुच् करत राहायचं, नाहीतर सूप फाटतं. खिओस या ग्रीक बेटावर तिची आईही असंच करायची. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून एकदा थर्मामीटर घेऊन शेजारी उभी राहिले. मोठ्या पातेल्याला बेचाळीस मुके लागले. दर मुक्याला तिचा हात क्षणभर थांबत होता, त्यामुळे अंडं एकदाही झटकन तापलं नाही. मी आकडा सांगितला तेव्हा ती खूप हसली होती.

आमचं खाण्याचं दुकान बेसबॉलच्या मैदानासमोर आहे, पाटीवर आईचं नाव आहे. माझा मावसभाऊ पांतेलिस ते चालवतो. काचेपलीकडून गिऱ्हाईक बोट दाखवतं, आम्ही पिटा रोटीत मांस, कांदा, काकडीचं दही भरून गुंडाळून देतो. दोन मिनिटांत माणूस रस्त्यावर. सूप मात्र आईचं.

एप्रिलमध्ये पांतेलिसने सूप ढवळणाऱ्या आईचा व्हिडिओ काढला. खिओसच्या नातेवाइकांना पाठवायचा आहे म्हणाला. मे महिन्यात तो मैदानातल्या पडद्यावर आला. तिसऱ्या डावानंतर चाळीस फूट उंच आई, ओठांचा चंबू, खाली अक्षरं: सूपबरोबर आजीचा मुका फुकट. अख्खं मैदान हसलं. आई तिथेच होती, कारण पांतेलिसनेच हौसेने तिला तिकीट दिलं होतं. मांडीवर पर्स धरून ती शेवटपर्यंत बसली. मधेच उठणं बरं दिसत नाही, असं मला नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून टोप्या घातलेले थोराड पुरुष काचेशी येऊन तिला बघून मुच्-मुच् करू लागले. मी पांतेलिसला जाहिरात काढायला सांगितलं. तो म्हणाला, करार सगळ्या हंगामाचा आहे, काही करता येत नाही, आणि मावशी तर एक शब्द बोललेली नाही. ती बोलली नाही, म्हणजे तिची हरकत नाही, असं तो धरून चालला होता. तिला आधी विचारायला हवं होतं, हे त्याला सांगूनही कळेना.

आई आता ओठ मिटून सूप करू लागली. बुधवारी ते फाटलं. गुरुवारी फाटलं, शुक्रवारीही. पांढऱ्या गुठळ्यांकडे बघत ती उभी राहायची आणि पातेलं मोरीत रिकामं करायची. शनिवारी पांतेलिस तयार सूपच्या पावडरचा डबा घेऊन आला. मावशी दमली आहे, याला नुसतं गरम पाणी लागतं, म्हणाला. मी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी मांस भाजणारे दोघंही वळून बघू लागले. ही पावडर पातेल्यात पडली तर पाटीवरचं आईचं नाव मी स्वतः खरवडून काढीन, असं मी त्याला सांगितलं.

रविवारी दुपारचा सामना होता. रांग दाराबाहेर गेली होती. सूप तयार नव्हतं, अंडी फेटलेली होती. रांगेतून कोणीतरी मुच् केलं आणि बाकीचे हसले. पांतेलिसही हसला. आईने हातातली पळी त्याच्यापुढे धरली.

"ओत."

"आत्ता, मावशी?"

"लोक सूप मागतायत ना? ओत मग. मुक्यांसकट."

त्याने हसत सुरुवात केली. चार झाले आणि तो थांबला. आईने त्याच्या कोपराला बोट लावलं. "थांबलास तर फाटेल."

रांगेत एक फोन वर झाला, मग सात-आठ. पंधराव्या मुक्याला पांतेलिसचे कान लाल झाले होते. "मावशी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ते शूट करतायत."

"करू देत की. छान दिसतोयस. अजून सत्तावीस."

मी मोजत होते. बेचाळीस पूर्ण झाले. सूप फाटलं नाही. पांतेलिस हात पुसून मागच्या खोलीत गेला आणि त्याने मैदानाच्या ऑफिसला फोन लावला.

मंगळवारी पडद्यावर आईच्या जागी पिटाची थाळी होती. एका फोनने झालं. तीन आठवडे तो मला सांगत होता की काही करता येत नाही. माफी त्याने अजून मागितलेली नाही. सोड आता, असं आई म्हणते. मी सोडलेलं नाही.

सूप पुन्हा तीच करते, मुक्यांसकट. फक्त तिने शेगडी हलवून घेतली आहे. आता ती काचेकडे पाठ करून उभी राहते.