कच्च्या पिठावरचा आळ

आमच्या बेकरीत काहीही बिघडलं की वहिनी पिठावर खापर फोडते. भाचीचं पोट दुखलं, तेव्हाही तेच!

पोरगी येताजाता मळलेल्या पिठाची चिमटी तोंडात टाकते, म्हणून तिचं नावच पडलं चिमटी. गेलं वर्षभर दर महिन्याला ती पोट धरून कोपऱ्यात बसायची. शेवटी वहिनीने फर्मान काढलं, “पुन्हा पिठाच्या टेबलाकडे फिरकलीस तर बघ!” पाव वळण्यावाचून जिला दुसरं काही सुचत नाही, तिला गल्ल्यावर बसवलं.

पण तिला खाणारी काळजी निराळीच. पंधरा वर्षं सरली, वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींना पाळी आली, हिला नाही. ट्रे घासता घासता मला हळूच म्हणाली, “आत्या, माझ्यात काही कमी आहे का गं? मी अशीच राहणार?”

मी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. “तुझ्यात अक्कल तेवढी कमी आहे. चल डॉक्टरीणबाईंकडे.”

“येईल वेळ झाली की,” वहिनी म्हणाली. “मलाही उशिराच आली होती.” पण मी ऐकते होय! दोघींनाही घेऊन गेले.

बाईंनी आधी आम्हाला बाहेर काढलं आणि चिमटीशी एकटीशी बोलल्या. मग आत बोलावून म्हणाल्या, “कुणाच्या घराण्यातच उशीर असतो, कुणी फारच वाळलेली असते, कुणाच्या ग्रंथींची गडबड, कुणाची गर्भाशयाची घडण जन्मतःच वेगळी. हिची वाढ तर छान आहे. पण हे दर महिन्याचं दुखणं?”

“कच्चं पीठ खाते ना!” वहिनी ठसक्यात म्हणाली. “आता बंद केलंय मी.”

“मग दुखायचं थांबलं?”

वहिनीचा ठसका उतरला. “नाही हो. गेल्या महिन्यात तर जास्तच दुखलं.”

“मग पीठ निर्दोष सुटलं,” बाई हसल्या. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि चिमटीलाच समोर बसवून सांगितलं, “तुला पाळी येते आहे. पण बाहेरच्या वाटेवर जन्मापासून एक पातळ पडदा आहे, त्याला छिद्रच नाही. रक्त आत साठतं, म्हणून दुखतं. छोटंसं ऑपरेशन करून पडदा उघडायचा, झालं.”

“म्हणजे... मला येतेय? आधीपासूनच?”

“वर्षभर तरी!”

पोरगी खुदकन हसली आणि लगेच तिने भोकाड पसरलं. तिच्या जोडीला मीही. बाईंनी रुमालांचा अख्खा डबाच आमच्यापुढे ठेवला.

ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात ऐन गर्दीच्या वेळी चिमटी मागच्या खोलीतून ओरडत आली, “आत्या, आली!” भट्टीवाले काका दचकून म्हणाले, “कोण आली?” मी म्हटलं, “तुम्ही पाव बघा, करपतोय!”

वहिनीने आपल्या कमरेचा एप्रन सोडून लेकीच्या कमरेला बांधला आणि तिला पिठाच्या टेबलापाशी उभं केलं. चिमटीचा हात सवयीने पिठात गेला, तोंडाशी आला आणि आईकडे बघून थबकला.

“खा गं बाई,” वहिनी डोळे पुसत म्हणाली. “त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.”